दोन टोकांची तार

तारबाबू माणसाला त्याच्या हातावरून ओळखायचे, आणि तेही तो हात न बघता. यंत्रावर कडकट्ट सुरू झालं की कानावरची पेन्सिल काढता काढता ते म्हणायचे, "आज गंगाखेडला म्हातारा न्हाई बसला. त्याचा धाकला जोडीदार बसलाय, आन् घरून भांडून आलाय." मग गंगाखेडच्या मोटारीने कुणी ओळखीचं उतरलं की आम्ही खात्री करून घ्यायचो. म्हातारा खरंच रजेवर असायचा आणि धाकल्याची बायको माहेरी गेलेली असायची. हे कसं कळतं म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गोठ्यात कोणती म्हैस उठली ते न बघता कळतं ना तुमाला, पाटील? मंग. माणूस म्हशीपरीस अवघड हाय व्हय?"

मला म्हशीचंही कळत नव्हतं. पण पाटलाच्या घरचा म्हणून मी मान डोलावली.

मी तेव्हा नुकताच पोस्टात चिकटलो होतो. बी.ए.चं पहिलं वर्ष मला इतकं आवडलं की मी तिथे तीन वर्षं राहिलो. चौथ्या वर्षी तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, कुठकुठल्या ओळखी काढून मला गावातल्याच पोस्टात कारकून म्हणून बसवलं. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे घर तात्यांचं, शब्द तात्यांचा आणि नोकरीही तात्यांचीच. मी नुसता सही करायला जायचो. तिकडे खिडकीजवळच्या टेबलावर तारबाबू असायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. गाव त्यांना तारबाबूच म्हणायचं, कारण खरं नाव घेतलं की पाठोपाठ आडनाव यायचं, आणि आडनाव आलं की ओढ्यापलीकडची वस्ती यायची. मरणाची, जन्माची, नोकरी लागल्याची बातमी सगळ्या गावाने त्यांच्या हातून घेतली. ऑफिसातल्या माठाला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही, आणि लावा असं कुणी म्हटलंही नाही. ते घरून फिरकीचा तांब्या आणायचे. मी त्याच खोलीत बसायचो, आणि मला तो तांब्या फार सुबक वाटायचा. माझी अक्कल तेवढीच चालायची.

तार लिहून घ्यायला आलेल्याचं ते सगळं ऐकून घेत. एखादी म्हातारी पुण्याच्या मुलाला तार करायला यायची आणि सुनेच्या स्वभावापासून सुरुवात करायची. मग गाय आटली, मग शेजारणीने बांध कोरला, मग तिचं गुडघ्याचं दुखणं. आम्ही जांभया द्यायचो. तारबाबू हनुवटी मुठीवर टेकवून सगळं ऐकायचे आणि शेवटी फॉर्मवर चार शब्द लिहायचे. "चारच शब्द लिहायचे तर अर्धा तास ऐकता कशाला?" मी म्हटलं. "कोणते चार, ते त्या अर्ध्या तासात कळतं," ते म्हणाले. आणि मग त्यांचं नेहमीचं: "पाठवणारे लय हायती, पाटील. ऐकणाऱ्यांचीच भरती करायची राह्यली सरकारची."

मी पहिल्यापासून पाठवणाऱ्यांतला. एकदा ते जेवायला गेले असताना मी त्यांच्या खुर्चीवर बसलो आणि ऐटीत यंत्राची चावी दाबली. पलीकडून परभणीने काहीतरी विचारलं. मला अक्षर कळेना, म्हणून मी आणखी दाबली. परभणी चवताळून खडखडायला लागली, तसा मलाही चेव आला. दहा मिनिटं आमचा असा संवाद चालला. तारबाबू डबा पुसत परत आले, दारातच थबकले आणि यंत्राकडे कान करून उभे राहिले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"तुमच्या खानदानाची चौकशी करायलेत," ते म्हणाले. "उठा आता. अजून आज्यापर्यंतच पोचलेत, पणजा तरी वाचू द्या."

चालू लाईनला माझा हात पुन्हा लागू द्यायचा नाही, असं पोस्टमास्तरांनी त्याच दिवशी फर्मावलं. आणि नेमकं मला तारकामाचा दाखला मिळवायचा होता. खरं सांगायचं तर मला नव्हता मिळवायचा. तारबाबूंना तो मला मिळवून द्यायचा होता. त्यांना परभणीला बदली हवी होती. त्यांची थोरली मुलगी सुमन त्या साली मॅट्रिकला होती, गणितात हुशार, आणि गावातली शिक्षणाची वाट दहावीपाशी संपत होती. पुढे सायन्सला घालायचं तर परभणी. मुलीला एकटीला ठेवायला तिथे नात्यातलं घर नव्हतं; नातेवाईक होते ते सगळे झरीच्या खेड्यावर, मजुरी करणारे. वरून अर्जाला दरवेळी एकच उत्तर यायचं: दाखला असलेला दुसरा माणूस ऑफिसात तयार करा, मग सोडतो. ऑफिसात दुसरा माणूस म्हणजे मी. एका मुलीचं कॉलेज माझ्या मनगटात अडकलेलं होतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. तारबाबूंनी ते लपवलं नव्हतं. "तुमी पास झाला की आमी सुटलो," एवढं सरळ सांगितलं होतं.

तेव्हा घरी सराव करायला यंत्र हवं. कोणतं घ्यायचं यावर तारबाबूंनी आठवडाभर माझा वर्ग घेतला. लाकडी पाटावरची मुकी चावी नको, तिच्यावर नुसती बोटं चालतात, कान बहिरा राहतो. पितळेचं चकाकणारं नको, ते दिवाणखान्यात ठेवायला बरं. चावी जरा जड हवी, स्प्रिंग जुनी असली तर उत्तम, कारण परीक्षेला बुजुर्गांच्या हाताखालची यंत्रं येतात. आणि मुख्य म्हणजे, "एक घेऊ नका. साधी घ्या, पण दोन घ्या. एक तुमच्या माडीवर, एक आमच्या घरी. मधी तार वढू. ओढ्यात दोन बांबू रोवले की झालं. सकाळी हापिसाच्या आधी तासभर मी पाठवतो, तुमी ऐका. मंग सुमी पाठवंल, तिला बी येतं. दोन-तीन हात कानावर पडले पायजेत."

"एकावर नाही भागणार?" मी विचारलं.

"तार म्हंजी दोन टोकं, पाटील. एका टोकाची असती ती धुणं वाळत घालायची दोरी."

मी हसलो. पण हसताना माझ्या डोळ्यांपुढे आमची माडी आली, माडीच्या खिडकीतून निघालेली तार आली, आणि अंगणात उभं राहून वर बघणारे तात्या आले. "ही कुठं जायलीय रे?" ते विचारणार. मी काय सांगणार? ओढ्यापलीकडे जायलीय? पलीकडून रोज सकाळी आपल्या माडीत येणार आहे? तात्या मारकुटे नव्हते. ते नुसते बघायचे. त्यांच्या त्या बघण्याला मी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत घाबरत आलो होतो. एका यंत्रासाठी ती परंपरा मोडायची माझी छाती नव्हती.

परभणीला स्टेशनजवळ मोडीतला माल विकणारे एक चाचा होते. त्यांना तारबाबूंनी आधीच कार्ड टाकलं होतं. मी गेलो तर त्यांनी सुतळीने बांधलेली दोन काळपट यंत्रं पुढे ठेवली. "बाबू बोले थे, जोडी का माल निकाल के रखो. ये लेव." मी म्हटलं, एकच द्या. आणि हे नको, ते वरचं द्या. वर फळीवर पितळेचं एक यंत्र होतं, सोन्यासारखं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "वो नक्को लेव मियाँ. वो शादी में देने का है. और अकेला लेके करते क्या? खुद से बातां करते?"

मी पितळेचं घेतलं. परत आल्यावर तारबाबूंना सांगितलं की चाचांकडे एकच शिल्लक होतं. त्यांनी यंत्र हातात घेतलं, चावी दोनदा दाबली, फडक्याने पितळेवरचा माझ्या अंगठ्याचा ठसा पुसला आणि म्हणाले, "बरं."

आता माझ्या मूर्खपणाची खरी कमाल ऐका. आमच्या पोस्टात येणारं प्रत्येक कार्ड वाचून मगच पुढे सरकवायची आमची रीत होती. कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या जावयाने घड्याळ मागितलं, सगळं आम्हाला मालकाच्या आधी ठाऊक. मी या कामात फार तरबेज होतो. त्यानंतर आठच दिवसांनी परभणीहून तारबाबूंच्या नावाने एक कार्ड आलं. मी स्वतः त्यावर शिक्का मारला, आणि घाईत न वाचता त्यांच्या टेबलावर ठेवलं. अख्ख्या नोकरीत न वाचलेलं ते एकच कार्ड.

घरी यंत्राचं फार कौतुक झालं. तात्यांनी ते माडीवरून खाली बैठकीत आणवलं, लोडाशेजारी मांडलं, आणि आल्यागेल्याला सांगायला लागले, "आमच्या पोराकडं सरकारी मशीन हाय." चहा येईपर्यंत पाहुणे एकेकदा चावी दाबून बघायचे. सकाळी मी सराव करायचो. मीच पाठवायचो आणि मीच ऐकायचो. मजकूर कोणता? तार म्हटली की मला एकच मजकूर सुचायचा: वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघा. तोच मी इंग्रजीतून रोज शंभरदा स्वतःला पाठवला आणि शंभरदा बिनचूक ऐकला. माझा वेग बघून माझा मलाच अचंबा वाटायचा. माय स्वयंपाकघरातून म्हणायची, "काय खटखट लावलीस रे? कुणी उत्तर तरी देतंय का?"

"देतंय ना," मी म्हणायचो.

उन्हाळ्यात औरंगाबादला परीक्षा झाली. पाठवण्यात मी बरा गेलो. मग ऐकण्याचा पेपर आला. समोर एक वयस्क परीक्षक, पान खाऊन बसलेले. त्यांनी चावीवर हात ठेवला आणि सुरू केलं, आणि मला त्यातलं एक अक्षर कळेना. तेच टिंब, तीच रेघ; पण चाल निराळी, थांबणं निराळं, जणू आपल्या घरातल्या वस्तू कुणी दुसऱ्याच घरात नेऊन मांडाव्यात. मला फक्त माझाच हात कळत होता. घाम पुसत मी जे ओळखीचं वाटलं ते लिहीत गेलो. मूळ मजकूर सरकीच्या पोत्यांबद्दलचा होता, हे मला नंतर समजलं. माझ्या कागदावर कुणाचे तरी वडील तीनदा अत्यवस्थ झाले होते.

निकाल जूनच्या सुरुवातीला आला. तारबाबूंनी तो माझ्याआधी वाचला, कारण तो तारेनेच आला. त्यांनी फॉर्मवर व्यवस्थित उतरवला, वेळ घातली, सही केली आणि माझ्यापुढे ठेवला. मी लगेच बोलायला लागलो. परीक्षक म्हातारा होता, पान खात होता, यंत्र गंजलेलं होतं. तारबाबूंनी सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या पद्धतीने, हनुवटी मुठीवर टेकवून. मग खण उघडला आणि एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. चाचांचं होतं, मोडक्या मराठीत: तुमचा माणूस जोडी सोडून एकच घेऊन गेला, ही दोन ठेवू की विकू?

"सहा-सात महिने झाले," मी म्हटलं. "तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुमाला तार नको व्हती असं थोडंच हाय. आमच्याकडून येणारी नको व्हती." त्यांनी खण लावला. "तुमचं बी बराबर हाय. तुमाला त्या घरात ऱ्हायचंय. पण सुमीचं वरीस गेलं ना, पाटील."

आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी मोठ्या तोंडाने माफी मागितली असती आणि मोकळा झालो असतो. ते पुढची तार घ्यायला वळले.

सुमन पहिल्या वर्गात पास झाली. तारबाबूंनी ऑफिसात पेढे आणले, पुड्यातच ठेवले, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने उचलावेत म्हणून पुडा टेबलाच्या मधोमध सरकवून स्वतः बाजूला झाले. बदलीच्या अर्जाला पुन्हा जुनंच उत्तर आलं. गावातल्या दुसऱ्या मुली शेतावर जायला लागल्या आणि सुमन घरी बसली.

आणि मग विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावाची बातमी आली. ती कशी पसरली, कुणी काय भाषणं केली, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या गावचं सांगतो. चार दिवस पारावर माणसं वाढत होती आणि बोलणं कमी होत होतं. पाचव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास यंत्र मध्येच थांबलं. तारबाबूंनी दोनदा चावी दाबली, कान लावला.

"खांब पाडले," ते म्हणाले.

थोड्या वेळाने गलका ऐकू आला, तो पोस्टावरून पुढे ओढ्याकडे गेला. पोस्टमास्तरांनी आतून कडी घातली. भल्या माणसाने तेवढं केलं. तारबाबूंना म्हणाले, तुम्ही पार्सलांच्या खोलीत बसा. ते बसले नाहीत. खिडकीच्या फटीशी उभे राहिले. ओढ्यापलीकडे धूर दिसायला लागला, आधी एका ठिकाणी, मग सलग.

"आज मंगळवार ना, पाटील?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंगळवारी दोघी मायलेकी धुणं घेऊन कॅनॉलवर जात्यात." थोडं थांबून पुन्हा, "मंगळवारच ना?"

"मंगळवारच आहे, तारबाबू."

त्यांनी ते मला पाच-सहा वेळा विचारलं. मी प्रत्येक वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगितलं, जणू मध्येच बुधवार व्हायची भीती होती. आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात हेच येत होतं की ती पोरगी आत्ता परभणीला वर्गात बसलेली असायला हवी होती, आणि बापाने वार विचारायला नको होता.

दोघी वाचल्या, कॅनॉलच्या पुलाखाली बसून. घर राहिलं नाही. वस्तीतली आणखी घरंही राहिली नाहीत. मी दिवेलागणीच्या आधी घरी गेलो, तर तात्या न्हाणीत होते. सकाळी त्यांची अंघोळ झालेली मी पाहिली होती. दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या धोतराला धुऊनही रॉकेलचा वास येत होता. मायने पान वाढलं. जेवलो. आमटी चांगली झाली होती, हेही मला आठवतं. माणसाला काय काय आठवतं.

त्यानंतर वरचं ऑफिस एकदम दयाळू झालं. दाखलेवाल्या दुसऱ्या माणसाची अट गळून पडली आणि पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. तारबाबू निघाले त्या दिवशी स्टँडवर त्यांना पोचवायला ऑफिसातून मी एकटा गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, दोन नवी पातेली. बायको आणि सुमन आधीच मोटारीत बसल्या होत्या. मी वाटेत एक भाषण जुळवलं होतं. त्यात 'कलंक' हा शब्द दोनदा होता.

ते म्हणायची वेळ आली नाही. तारबाबूंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "पाटील, एक काम व्हतं. सुमीची मार्कांची शीट घरात व्हती. दुसरी काढायचीय. कालिजवाले अजून चार दिस थांबतो म्हणलेत. घर जळालं हे ठाऊक असलेल्या सरकारी नोकराची सही लागती."

मी कागद घेतला. आता ऐका, तुम्हाला माझ्या सगळ्या फजित्यांवर हसून झालं असेल तर ही शेवटची. तो कागद उघडायच्या आधी, तुम्ही उतरणार कुठे, राहणार कुठे, पोरीला काही लागलंबिगलं तर नाही ना, यातलं काही म्हणजे काही न विचारता माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे:

"कुणाची नावं नाहीत ना यात?"

तारबाबूंनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्या एका वाक्याने त्यांना आमच्या घरातली ती संध्याकाळ सगळी कळली.

"न्हाईत," ते म्हणाले. "मला पोरीचं नाव कालिजात घालायचंय. कोर्टात कुणाचं घालायला येळ न्हाई माझ्याकडं."

मी मोटारीच्या पत्र्यावर कागद ठेवून सही केली. माझी सही मोठी झोकदार होती, कॉलेजात तीन वर्षं तेवढीच शिकलो होतो. खिडकीतून सुमनने हात बाहेर काढून कागद घेतला. शाई वाळेपर्यंत धरून ठेवला, वाचला, आणि पुन्हा माझ्यापुढे केला.

"सही लागंना कुणाची हाय ते," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "परत पाठवतील ते लोक. खाली पूर्ण नाव लिवा."

कंडक्टरने घंटी दिली होती. मी सहीखाली लिहिलं: माझं नाव, वडलांचं नाव आणि आडनाव. तात्यांचं आणि माझं आडनाव एकच. तिने एकेक अक्षर बोटाने तपासलं, कागदाची घडी केली आणि काच वर ओढली.